रुळावर असताना गाडी समजावी

सासूबाईंना पॅसेंजरने आणायचं नाही, आपल्या बेडकातून आणायचं, असं फोरमनसाहेबांनी जेवताना जाहीर केलं. बायकोच्या हातातली पळी तशीच राहिली. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्या अकराला आहे, डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात, हा नंबर मिळायला दोन महिने गेलेत, तेव्हा उद्याचा एक दिवस तरी प्रयोग नको, असं तिने सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, पॅसेंजरचा काय भरवसा.

बेडूक म्हणजे साहेबांनी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये स्वतः खटपट करून बदललेली एक जुनी जीप. (हे वर्कशॉपने पाडलेलं नाव. कागदोपत्री ती 'उभयमार्गी'.) रस्त्यासाठी आणि रानासाठी तिला रबरी चाकं होती, आणि रुळांसाठी पोटाखाली चार लोखंडी चाकं. हँडल बेचाळीस वेळा फिरवलं की ती खाली येत. याआधीच्या दोन उभयमार्गींपैकी पहिली रुळावर थांबत नसे आणि दुसरी चालत नसे. ही तिसरी चालायचीही आणि थांबायचीही, त्यामुळे साहेबांचे पाय जमिनीवर नव्हते. घरात तिचं कौतुक एकट्या सासूबाई करत. मागच्या खेपेला बॉनेटवरून हात फिरवत त्या म्हणाल्या होत्या, "काय देखणी आहे हो." त्यांना दोन हातांपलीकडचं दिसत नाही, हे साहेबांनी मनावर घेतलं नव्हतं.

परवानगीच्या अर्जात 'मोटार की गाडी' असा रकाना होता. हेड ऑफिसने 'मोटार' लिहिलं आणि ते साहेबांच्या फार जिव्हारी लागलं. मोटार काय, कुणाकडेही असते. चार महिने पत्रापत्री करून, नाकदुऱ्या काढून त्यांनी तो शब्द खोडायला लावला आणि प्रत्येक फाटकावर स्वतःच्या सहीचं पत्रक चिकटवलं: 'उभयमार्गी ही रुळावर असताना रेल्वेगाडी समजावी.'

सकाळ झकास गेली. खाणीजवळ, फाटक नसलेल्या रस्त्यावर बेडूक रुळांवरून उतरला, नांगरटीतून उड्या मारत मेहुण्याच्या दारात गेला आणि सासूबाईंना घेऊन पुन्हा रुळांवर चढला. सासूबाईंनी एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने कवळी धरली होती, पण तक्रार केली नाही. (कवळी हातात असल्यावर करणार कशी?) साडेदहाला दवाखान्याजवळचं फाटक आलं. इथे उतरायचं, वळायचं, की दोनशे पावलांवर दवाखाना. मध्येच कुठे उतरायची सोय नव्हती, कारण रुळांशेजारच्या खडीत बेडकाची चाकं रुतत. रानात चालणारी गाडी खडीत का रुतते, असं कुणी विचारलं की साहेब विषय बदलत.

फाटक बंद होतं.

"फाटक उघड," साहेब म्हणाले.

"गाडी आलीय ना साहेब," गेटमन म्हणाला.

"कुठली गाडी?"

"ही काय."

साहेबांनी शांतपणे समजावलं, की ही आता मोटार होऊन रस्त्याने जाणार आहे. गेटमन म्हणाला, मोटार झाली की उघडतो. मग इथेच चाकं वर घेतो, असं म्हणून साहेबांनी हँडलला हात घातला. तेव्हा गेटमनने आठवण करून दिली, की बंद फाटकाच्या आत मोटार सापडली तर पोलिसांना कळवावं लागतं. आणि गाडी पुढे गेल्याशिवाय तर फाटक उघडता येत नाही. एवढं बोलून त्याने केबिनच्या भिंतीकडे बोट दाखवलं. साहेबांची सही लांबूनही सुरेख दिसत होती.

दोन्हीकडे मोटारी साचल्या. मागे सिग्नलपाशी पॅसेंजर येऊन थांबली (अगदी वेळेवर) आणि फाटकापुढचा दवाखान्याचा छोटा थांबा गाठायला शिट्ट्या मारायला लागली. सासूबाईंनी कवळी बसवली.

"जावईबापू, डॉक्टर याच गाडीने येतात ना?"

डॉक्टर अडकले तर नंबर गेला, आणि नंबर गेला तर घरी कुठल्या तोंडाने जायचं, हे साहेबांना कळेना. गेटमनने सासूबाईंना हाताला धरून माणसांच्या छोट्या दारातून बाहेर काढलं, एका बाईंबरोबर दवाखान्याकडे लावून दिलं, आणि परत येऊन साहेबांना हिरवा झेंडा दाखवला.

गाडी म्हटली की पुढच्या स्टेशनापर्यंत जावंच लागतं. साहेब अकरा किलोमीटर पुढे गेले. स्टेशनमास्तरांनी वहीत 'उभयमार्गी, बावीस मिनिटं लेट' अशी नोंद केली आणि बेडकाला साइडिंगला लावलं. त्या स्टेशनाहून परतायला रस्ताच नव्हता. साहेब संध्याकाळच्या पॅसेंजरने आले, तिकीट काढून, उभ्याने. तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि उत्तम झालं होतं. बायको त्यांच्याशी आठ दिवस बोलली नाही.

आठ दिवसांनी सासूबाईंची पट्टी निघाली. मालगाडीवर लादून आणलेला बेडूक अंगणात उभा होता. साहेब स्वतः सासूबाईंना तिथे घेऊन गेले. आपल्या बाजूचं घरात एकच माणूस, आणि आता तर त्या माणसाला स्वच्छ दिसणार, या विचाराने त्यांना सकाळपासून बरं वाटत होतं. सासूबाईंनी बेडूक पुढून पाहिला, मागून पाहिला, वाकून पोटाखालची चाकंही पाहिली. मग तेवढाच वेळ साहेबांकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेने लेकीला हाक मारली.

"अगं, यांना पसंत केलं तेव्हा मी चष्मा लावला होता का?"