झुलंबरी

"बाबा, दुकानाला एखादं नाव सुचवा ना. कोणाकडेच नसेल असं," सून म्हणाली.

सासऱ्यांना गल्लीत 'अर्थमंत्री' म्हणत. पैशाचे नव्हे, शब्दांचे. कोणत्याही नावाचा अर्थ विचारा, उत्तर हजर! 'माहीत नाही' हे शब्द तेवढे त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकले नव्हते.

"झुलंबरी," चहाचा घोट घेत ते म्हणाले.

"म्हणजे?"

"राणीच्या पदराची किनार. फार जुना शब्द. हल्ली कोणाला ठाऊक आहे म्हणा!"

जुना कसला डोंबलाचा! कप खाली ठेवेपर्यंत तो शब्द जगात नव्हता. सुनेला मात्र तो भलताच आवडला. चांगली नोकरी सोडून तिने शिवणकामाचं दुकान थाटलं होतं, त्यावर तिने हातभर अक्षरांत पाटी लावली.

उद्घाटनाच्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते शेजारी राहणाऱ्या, भाषा शिकवणाऱ्या प्राध्यापकांची बायको. बाई अंगाने भरलेल्या आणि ओळखीपाळखीनेही. त्या खूश झाल्या तर अर्धं गाव इथेच कपडे शिवणार, हे सुनेला पक्कं माहीत होतं. ती मन लावून माप घेत होती. सोबत आलेले प्राध्यापक दाराबाहेरच्या स्टुलावर बसून पाटी वाचत होते.

"अर्थ माहितीये ना याचा?" त्यांनी विचारलं.

"राणीच्या पदराची किनार!" सून अभिमानाने म्हणाली.

"छे, छे! झूल अधिक अंबारी. हत्तीच्या पाठीवर घालतात ते कापड. जुन्या ग्रंथांत जागोजाग येतं."

बाईंच्या कमरेभोवती फिरणारी टेप जागीच थांबली.

"म्हणजे मी इथे हत्तीची झूल शिवायला आलेय?"

"तसं नव्हे गं, मी फक्त व्युत्पत्ती सांगितली."

"चुलीत घाला तुमची व्युत्पत्ती! माझं कापड द्या हो परत."

सुनेचा चेहरा पडला. कोपऱ्यात बसलेले अर्थमंत्री हे सगळं बघत होते. आपल्या एका थापेपायी पोरीचं दुकान पहिल्याच दिवशी बसत होतं. अब्रू गेली तर गेली, असं म्हणून ते उठले.

"अहो, असा शब्दच नाहीये! मी बनवलाय तो. चहा पिता पिता. थाप मारली होती!"

प्राध्यापक हसले. "काका, शब्द असे घरी बनत नसतात. माझा आयुष्यभराचा अभ्यास आहे."

"अभ्यास तुमचा असेल हो, पण थाप माझी आहे!"

"या वयात होतं असं," प्राध्यापक बायकोच्या कानात कुजबुजले.

बाई कापडाची घडी घालू लागल्या. तेवढ्यात सून शांतपणे म्हणाली, "सर बरोबर सांगतात, झूलच ती. पण सगळ्या हत्तींची नव्हे हं. राणी बसायची त्याच हत्तीची. राणीच्या पदराला जुळेल अशी किनार लावायचे तिला. बाकीच्या हत्तींना आपलं साधं कापड."

बाईंचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तेच सांगणार होतो," प्राध्यापक म्हणाले. "तू बोलू कुठे दिलंस?"

बाईंनी आणखी दोन ड्रेस टाकले आणि नवऱ्याला घेऊन गेल्या. दार लागल्याबरोबर अर्थमंत्री सुनेजवळ सरकले.

"सूनबाई, हे कुठे वाचलंस गं?"

"कुठे नाही हो बाबा. तोंडाला आलं ते बोलले."

अर्थमंत्र्यांना गहिवरून आलं. मुलाला उभ्या जन्मात एक थाप धड मारता आली नव्हती. आपल्यामागे गल्लीचं कसं होणार, या काळजीने त्यांना झोप लागत नसे.

"पोरी," ते डोळे पुसत म्हणाले, "उद्यापासून कोणी अर्थ विचारायला आलं, की तुझ्याकडेच पाठवतो."