नवी पेठ वसली आणि नारदाची गादी राहिली, त्याची हकीकत

श्रीहरी कृपावंत. वीणेस व टाळांस दंडवत घालोन लिहितो, ते चित्त देऊन ऐकावे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. नावाने क्रोधी परी प्रजेस गोड गेला. ते साली शहराचे वेशीबाहेर, जेथे पूर्वी वीटभट्ट्या होत्या, तेथे श्रीमंत हंबीरराव बिल्डर यांणी नवी पेठ वसवावी ऐसे मनी आणिले. पेठ ऐसी की वरी छप्पर नाही, आभाळ हाच मांडव, आणि दुतर्फा दोनशे दुकाने, आणि चित्रपटगृहे सहा, आणि मोटारतळ ऐसा अफाट की धनी आपलीच मोटार शोधीत दोन प्रदक्षिणा घाली. मग जेसीबी नामे पिवळे हत्ती आले आणि टेकाडे सपाट जाहली आणि मध्यभागी एक दगडी कट्टा तेवढा उरला. त्या कट्ट्यावर चिंतामणबुवा तीस वर्षे दर एकादशीस कीर्तनास उभे राहात, म्हणोन ती नारदाची गादी. नकाशात तेथे नाचते कारंजे. श्रीमंत मनाचे थोर, आज्ञा केली की, "शेवटचे एक कीर्तन होऊ द्यावे. सरले की कट्टा काढावा."

मग माघ शुद्ध एकादशीस तिसरे प्रहरी बुवा उभे राहिले. पिवळा हत्ती बाजूस सोंड उचलोन तयार. बुवांनी नामाचा महिमा ऐसा गाइला की रंगारी शिडीवरच डोलू लागले. मग बुवा क्षणभर थांबले, आणि बुक्का आला आणि हार आला. श्रीमंतांस वाटले, झाले. लगबगीने उठोन हार आपण घेतला, बुवांचे गळा घातला, पाया पडले आणि बोलिले, "सांगता उत्तम जाहली. चालवा हत्ती!"

तो झांज वाजविणाऱ्या अनसूयाकाकू कडाडल्या, "अहो राजे, सांगता कुठली? हा तर पूर्वरंग! कथा अजून व्हायचीय. आणि मध्यंतरी हार घालील तो यजमान, ही इथली रीत. आता आरतीपर्यंत मांडी मोडायची नाही, आणि पुढल्या एकादशीचं कीर्तनसुद्धा तुमच्याकडं!"

"काकू, मला बैठक आहे हो!"

"मग ही काय पंगत आहे? बसा!"

श्रीमंत बसले. बुवांनी सुदाम्याची कथा लाविली आणि पुसिले, "देवाने सोन्याची द्वारका वसविली, पण फाटक्या उपरण्याचा मित्र आला, तो बसला कुठे? देवाच्या मंचकावर!" मग श्रीमंतांनी मान वळवोन आपली पेठ पाहिली. काही विकत न घेता बसावे, ऐसी जागा दोनशे दुकानांत एक नाही. डोळे भरले. आरती हाती घेऊन हळूच बोलिले, "बुवा, पुढले एकादशीस उभे कोठे राहाल?"

बुवा हासले. "गादी इथेच. यजमानांनी मोडली तर आमचा नाइलाज."

"आपल्या घरचे कीर्तन कोण मोडील?" ऐसे म्हणोन श्रीमंतांनी हत्तीस माघारी पिटाळिले, आणि प्रजेने टाळ्यांचा कल्लोळ केला.

एवंच, पेठ पुरी जाहली, कारंजे वीस हात सरकले, आणि कट्ट्यावर कोणीही फुकट बसावे ऐसा हुकूम जाहला. श्रीमंत दर एकादशीस येतात. मात्र हारास हात लावण्यापूर्वी काकूंकडे पाहोन पुसतात, "हा मधला की शेवटचा?"