सहादाती मोटार

कोणतीही मोठी खरेदी करताना जाणता माणूस सोबत न्यावा, हा नियम सर्व सुधारलेल्या देशांत पाळला जातो. जाणता कशातला, याबाबत मात्र नियम मौन बाळगतो. सन १९६३ च्या मार्चमध्ये सावरखेड्याचे भगवानराव मोटार घ्यायला पांढरकवड्याला निघाले, तेव्हा त्यांनी सोबत बाबूसिंगला घेतले. बाबूसिंग हा नेरच्या बैलबाजारातला नावाजलेला पारखी. एकतीस वर्षांत त्याने चार हजारांवर बैल पारखले होते (म्हशी वेगळ्या, त्या तो धरत नसे). मोटारीत तो आयुष्यात एकदाच बसला होता, आणि तेव्हा ती बंद होती. पण भगवानरावांचा विचार सरळ होता. जे खाते, पिते, ओढते आणि ऐन वेळी रस्त्यात बसकण मारते ते जनावर. मग त्याला खूर असोत की चाके.

मोटारीची गरज कोकिळेमुळे निर्माण झाली. कोकिळा ही भगवानरावांची मुलगी, आणि सावरखेड्यातून मॅट्रिकला बसणारी पहिली मुलगी. (मुलांपैकी तिघे आधी बसले होते, त्यातला एक अजून बसतोच आहे.) परीक्षा यवतमाळला, म्हणजे अठरा मैलांवर. पहिला पेपर सोमवारी सकाळी साडेदहाला. आणि सावरखेड्याच्या फाट्यावर एसटी येई ती अकराला. तिथून पुढे तासाभराचा रस्ता. तेवढ्याने मॅट्रिक हुकणार होती. या अडचणीवर भगवानरावांनी दोन महिने विचार केला. कोकिळेने पाचच मिनिटे केला.

"बाबा, मी इतवारच्या एसटीनं जातो. आत्याच्या घरी राह्यतो. शाळा तिथून पाच मिन्टावर हाय."

"पेपर सोमवारचा अन् जायचं इतवारी?" भगवानराव म्हणाले. "एक दिवस आधी जाऊन काय करशीन वं?"

"अभ्यास करीन."

"तो घरी होत नाई काय?"

घरी तो होत नव्हता, कारण घरी दोन महिने मोटारीची चर्चा चालू होती. पण कोकिळा शहाणी मुलगी होती. ती गप्प बसली. विमलताई, म्हणजे तिची आई, तेवढ्या शहाण्या नव्हत्या.

"पोरगी काही वाईट नाई सांगून राह्यली," त्या म्हणाल्या.

"तुले मोटारीतलं काय समजते?" असे विचारून भगवानरावांनी चर्चा पुन्हा मूळ विषयावर आणली.

मोटार होती पांढरकवड्याच्या बाबारावांची. बाबारावांनी ती सागवानाच्या ठेकेदाराकडून घेतली होती आणि ठेकेदाराने एका शिकारी जमीनदाराकडून. मूळची विलायती, पुढे तिच्यात अनेक सुधारणा झाल्या. इंजिन लष्कराच्या जुन्या ट्रकचे. नाकाडापासूनचा पुढचा भाग जीपचा. मागच्या खुर्च्या बंद पडलेल्या टॉकीजच्या, त्यामुळे माणूस उठला की खुर्ची त्याच्या मागे आपोआप मिटत असे. ब्रेक तेवढा मूळचा होता, कारण त्याला हात लावण्याची कुणाची हिंमत झाली नव्हती. या साऱ्या सुधारणा निजामुद्दीन मिस्त्रीने केल्या होत्या. अकरा वर्षे तो ही गाडी सांभाळत होता. मिस्त्री म्हणून तो उत्तम होता. खरे बोलण्याची खोड सोडली तर त्याच्यात दोष नव्हता.

"पळते किती?" भगवानरावांनी विचारले.

"साठ मैल पळते, भाऊ," निजामुद्दीन म्हणाला. "उतार पाह्यजे फक्त."

मैल मोजणारा आकडा चारशे बारावर होता.

"नवीच समजा," बाबाराव म्हणाले.

"आकडा दोन डाव फिरून आला," निजामुद्दीन म्हणाला. "लाख भरले का शून्य होते तो."

बाबारावांनी मिस्त्रीकडे पाहिले. पण भगवानरावांचे समाधानच झाले. कामाला न लावलेला गोऱ्हा कोण घेतो? जी दोन लाख मैल चालून मेली नाही, ती आता अठरा मैलांत कशाला मरते?

मग बाबूसिंगने तपासणी सुरू केली. त्याने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, पाठीवर थाप मारली, कपाळावर खोडीचा भोवरा नाही याची खात्री केली. शेपटी ओढून पाहिली, तेव्हा धूर सोडायची नळी त्याच्या हातात आली. ती त्याने अदबीने बाबारावांच्या स्वाधीन केली. शेवटी म्हणाला, "तोंड उघडा."

निजामुद्दीनने झाकण उचलले. आत प्लगांच्या आठ जागा होत्या आणि सहा प्लग होते. बाबूसिंगने बोट फिरवून दोनदा मोजले.

"सहादाती हाय!"

ज्यांनी बैल घेतलेला नाही त्यांच्यासाठी खुलासा. बैलाच्या खालच्या जबड्यात पुढे आठ दात येतात, पण ते जोडीजोडीने, दर काही महिन्यांनी. सहा आले असतील तर बैल चारेक वर्षांचा, भर जवानीतला. आठही आले की तो जुळला, म्हणजे उताराला लागला. सबब आठ जागा आणि सहा दात असलेली मोटार तरुण ठरते. यात तर्काची चूक काढून दाखवणे अवघड आहे.

"अजून दोन यायचे हाय," बाबूसिंग म्हणाला.

"यायचे कुठले, गेले ते," निजामुद्दीन म्हणाला. "मीच काढले अन् भोकं बुजवली. दोन शिलिंडर ठार झाले तिचे."

"मिस्त्री," बाबूसिंग कनवाळूपणे म्हणाला, "एकतीस साल झाले, मी दातच पाहून राह्यलो."

अशा रीतीने तज्ज्ञांची दोन मते पडली. एकाने ते इंजिन अकरा वर्षे उघडले होते, दुसऱ्याने आज प्रथम पाहिले होते. बाबारावांनी दुसऱ्या मताला पाठिंबा दिला, भगवानरावांनीही दिला, आणि तीन विरुद्ध एक मतांनी मोटार तरुण असल्याचे ठरले. किमतीची बोलणी बैलबाजाराच्या रिवाजाप्रमाणे दुपट्ट्याखाली बोटे दाबून झाली, त्यामुळे किंमत विमलताईंना आजतागायत कळलेली नाही.

इथवर सारे सुरळीत झाले. मग बाबाराव म्हणाले, "दावं मातर देत नाई. आमच्या घरची रीत हाय."

रीत भगवानरावांच्याही घरची होती. बैल विकला तरी त्याचे दावे विकायचे नाही; दाव्याबरोबर गोठ्याची बरकत निघून जाते. घेणाऱ्याने आपले दावे आणायचे. भगवानरावांनी त्यासाठी अंबाडीचे नवे कोरे दावे पिशवीतून आणलेही होते. तेव्हा तत्त्वावर दोघांचे एकमत होते. प्रश्न तपशिलाचा होता. मोटारीचे दावे कोणते?

लिंबाखाली बैठक बसली. स्टेअरिंगचे नाव प्रथम निघाले, पण निजामुद्दीनने विचारले, "ते काढून घ्याल तं मी काय हातानं चाकं वळवू?" ब्रेकला कुणाची हरकत नव्हती, पण तो नेमका कुठे आहे हे बाबारावांना सांगता येईना. अखेर बाबूसिंगने निवाडा दिला.

"धनी सक्काळी गाडी बाहेर काढते, तं पह्यले कशाले हात घालते?"

"हँडलले," बाबाराव म्हणाले.

"तं तेच दावं."

हँडल म्हणजे गाडीच्या नाकात घालून फिरवायचा लोखंडी दांडा. तो गरगर फिरवल्याशिवाय ही मोटार सुरू होत नसे. आणि जीपच्या नाकातून ट्रकच्या इंजिनापर्यंत पोचणारा दांडा जगात दुसरा नव्हता. तो निजामुद्दीनने पंधरा दिवस ठोकून बनवला होता.

"भगवानराव, हँडलाबिगर एकदा का बंद पडली तं पडली," तो कळवळून म्हणाला.

"मंग बंद कायले करतं?" भगवानराव म्हणाले.

मोटार शेवटची सुरू करण्यात आली. बाबारावांनी हँडल पुसून देव्हाऱ्याशेजारी ठेवले. निजामुद्दीन चालवायला बसला आणि मंडळी कुठेही न थांबता सावरखेड्याकडे निघाली. यवतमाळात चहाची तलफ आली, तेव्हा हॉटेलाला तीन फेऱ्या माराव्या लागल्या: पहिल्या फेरीत चहा सांगितला, दुसऱ्या फेरीत कप घेतले, तिसऱ्या फेरीत परत केले. या फेऱ्यांत मोटार कोकिळेच्या परीक्षेच्या शाळेवरून तीनदा गेली. कोकिळा तेवढी तिच्यात नव्हती.

शनिवारी दिवस मावळायच्या आत मोटार दाराशी आली. विमलताईंनी नव्या बैलाच्या पायांवर घालतात तसे चारही चाकांवर पाणी घातले, भाकरीचा तुकडा ओवाळला, आणि लांबून आलेली म्हणून उरलेली घागर तिच्या तोंडावर रिकामी केली. मोटारीने एक मोठा सुस्कारा सोडला आणि ती गप्प झाली.

रविवारी सकाळपासून बावीस माणसे तिला ढकलत होती. गावात उतार नव्हता, म्हणून तिला फाट्यापर्यंत नेले, तिथेही नव्हता. कोकिळा मांडीवर भूगोल घेऊन टॉकीजच्या खुर्चीत बसली होती. अकराला एसटी आली, थांबली, दोन माणसे घेऊन निघून गेली.

"बाबा, एसटी गेली."

"जाऊ दे. आपल्या घरी मोटार हाय."

कोकिळेने पुस्तक मिटले. "बाबा," ती हळूच म्हणाली, "उद्या साडेदहाले मी तिथं नसलो तं वर्ष जाते माह्यं. मोटार पुढच्या सालीही इथंच राह्यते."

भगवानरावांनी मुलीकडे पाहिले, मोटारीकडे पाहिले. मग त्यांनी पिशवीतले नवे दावे काढले, मोटारीच्या नाकाला बांधले आणि पुढे घरची बैलजोडी जुंपली. निजामुद्दीन स्टेअरिंगवर बसला. बाबूसिंग बाजूने चालत राहिला, कारण बैलांना तोच कळत होता. साठ मैल पळणारी मोटार ताशी अडीच मैलांनी निघाली. कोकिळेने वाटेत जगातील वारे, प्रवाह आणि गवताळ प्रदेश संपवले. दिवेलागणीला ती यवतमाळला आत्याच्या दारात उतरली. बेबीताईंनी भाचीला आत घेतले आणि भावाकडे, बैलांकडे, मोटारीकडे क्रमाने पाहिले.

"काहून रे दादा, एसटी बंद हाय काय?"

दुसऱ्या दिवशी कोकिळा पाच मिनिटे चालत शाळेत गेली आणि साडेदहाच्या आत आपल्या बाकावर बसली. भगवानराव फाटकाशी उभे राहून इतर पालकांना सांगत होते, "आमची पोरगी मोटारीनं आली." यात खोटे एक अक्षर नव्हते.

ही हकीकत आजवर तालुक्यात अंदाजे सहाशे माणसांनी ऐकली आहे. पैकी चारशे पाच जणांनी मोटार पुढे सुरू झाली का, असे विचारले. एकशे ऐंशी जणांना किंमत हवी होती. उरलेल्या पंधरांनी बैल द्यायचे आहेत का, याची चौकशी केली. बेरीज बरोबर सहाशे होते. सहाशे एकावे ऐकणारे आपण; आणि आपणही मोटारीचे पुढे काय झाले एवढेच शोधत या ओळीपर्यंत आला असाल, तर संकोचाचे कारण नाही. बहुमत आपल्याच बाजूला आहे. मोटार अजून सुरू झालेली नाही.

कोकिळा पहिल्या वर्गात पास झाली. हे आपण विचारले नव्हते. पण कुणीतरी विचारील म्हणून ती अजून उत्तर तयार ठेवून आहे.