पेढ्याच्या पोटातली लाट

रुचिताला सशाच्या पोटावर तीन चिकट पट्ट्या लावायच्या होत्या, आणि ससा गोपीनाथकाकांचा होता. अडचण तिथूनच सुरू झाली.

वर्तकनगरात रुचिताची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे, तिथे एके काळी काकांच्या घरचा भात पिकायचा. आता तळमजल्यावर काका, शालूकाकी आणि पेढा नावाचा गुबगुबीत पांढरा ससा राहतात. शेती गेली, पण काकांचा जीव लावायचा स्वभाव गेला नाही. तो सगळा आता पेढ्यावर.

"पोटाला पन ठोके असतात कं गो?" काकांनी विचारलं.

"ठोके नाही काका, लाटा. हृदयाला कसा आपला आपला ठेका असतो, तसा जठरालापण असतो. काही खास पेशी तिथे बसून विजेचे बारीक इशारे देत राहतात, आवळ, सोड, आवळ, सोड. जेवल्यावर लाटा मोठ्या होतात. आमची डोंबिवलीची सोनलताई लॅबमध्ये उंदरांच्या आतड्यावर हेच मोजते. मी बाहेरून मोजणार. सुईबिई काही नाही."

"आनि हे केस?"

केसांचं रुचिता जरा सावकाश सांगणार होती. पट्टी चिकटायची तर पोटावरचे केस काढावे लागणार होते. शेवटी ते काकांनीच काढले, स्वतःच्या मिशीच्या ट्रिमरने, आणि मग दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

गेल्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक समोर आल्यावर रुचिता फक्त "नमस्कार" म्हणाली होती. मग पाणी प्यायला म्हणून गेली ती परतच आली नाही. यंदा ती जिन्यात, रिक्षात, दात घासताना भाषण म्हणत होती. यंदा तिला जिल्ह्याच्या फेरीत जायचंच होतं. सोनलताईने लॅबमध्ये बाजूला पडलेलं, बारीक सिग्नल मोठा करून लॅपटॉपवर दाखवणारं यंत्र दिलं, तेही बजावून: "स्क्रीनवर दिसेल तेच सांगायचं. जुळवाजुळव केलीस तर यंत्र परत."

प्रदर्शन आलं नेमकं संकष्टीला. पेढा फक्त काकांच्या मांडीवर शांत बसतो, म्हणून काकाही आले. डॉक्टर वजनाबद्दल बोलल्यापासून शालूकाकीने त्यांना संकष्टी धरायला लावली होती. चंद्र दिसेपर्यंत पाणी, फार तर एक केळं.

टेबलामागे तक्ता झळकत होता: 'लहान सस्तन प्राण्यांच्या जठरातील विद्युत लाटांचे मापन'. पट्ट्या लागल्या, त्यांच्या वायरी यंत्राला जोडल्या. पेढा बुजू नये म्हणून काकांनी त्याच्यावर टॉवेल टाकला. तेवढ्यात त्याने हिरवी वायर पालेभाजी समजून कुरतडली. रुचिताने दुसरी जोडली. मग त्याने खाली उडी मारली. त्याला पकडून पट्ट्या नव्याने लावल्या, पण आता त्या अर्ध्या केसांवर, अर्ध्या देवाच्या भरवशावर होत्या.

"तू याला धर, मी पाय मोकले करून येतो," म्हणून काका गेले आणि बऱ्याच वेळाने आले. मिशीवर हिरवी चटणी होती.

"काका, मिशी."

त्यांनी मिशी पुसली. "काकीला सांगू नको हा."

"मी काहीच पाहिलं नाही."

हॉलमधला पंखा बंद होता. काकांनी शर्टाची खालची बटणं सोडली, पेढ्याला पोटाशी घेतलं, टॉवेल ओढला आणि पाचव्या मिनिटाला हनुवटी छातीवर टेकवून झोपले.

परीक्षक मॅडम आल्या तेव्हा रुचिता "नमस्कार"च्या पुढे सहज गेली. पेशी, लाटा, सोनलताईचे उंदीर, सगळं झालं. स्क्रीनवर एकामागून एक लाटा येत होत्या, भरतीला येतात तशा.

"सुंदर," मॅडम म्हणाल्या. "केवढ्या मोठ्या आहेत गं. काय खाल्लंय याने?"

"कोथिंबिरीची एक काडी."

"एका काडीवर एवढं?"

रुचिता उत्तर शोधायला शेजारी बघायला लागली. शेजारच्या टेबलावर विकीची 'मातीविना शेती' होती. तिथे पालकाच्या ट्रेमध्ये पेढा बसला होता आणि शेती जवळजवळ संपली होती. विकी तोंड उघडं टाकून बघत होता. मॅडमची पाठ तिकडे होती. त्यांनी गुण लिहायला पेन उघडलं होतं.

तेवढ्यात शालूकाकीही आली, हातात केळं घेऊन. "सकालपासून उपाशी बसलेत गो," ती काकांकडे बोट दाखवत मॅडमना म्हणाली.

गप्प राहिलं तर जिल्हा नक्की होता. रुचिताने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा झोपलेल्या काकांकडे.

"मॅडम, या लाटा पेढ्याच्या नाहीत. पेढा तिकडे आहे."

मॅडमनी टॉवेल उचलला. ससा नव्हता. तिन्ही पट्ट्या काकांच्या पोटावर नीट चिकटल्या होत्या. काका दचकून जागे झाले.

"पण हे तर उपाशी आहेत ना?" मॅडम म्हणाल्या. "आणि या लाटा भरल्या पोटाच्या दिसतायत. म्हणजे यंत्रच चुकतंय."

"चुकतंच असल," शालूकाकी म्हणाली. "यांनी पान्याशिवाय काय घेतलं नाय."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. रुचिताची नजर पाण्याच्या पिंपाकडे गेली, गेल्या वर्षीच्याच. ती नजर काकांनी पाहिली.

"मशीन बरोबर हाय," ते म्हणाले. "वरापाव खाल्लेले. दोन."

"दोन?" काकीने विचारलं.

काकांनी स्क्रीनवरच्या लाटांकडे चोरून पाहिलं.

"तीन."

मॅडमनी टोपण पुन्हा काढलं.

रुचिताची निवड झाली. पट्ट्या सुटल्याचं कळल्यावर लपवलं नाही, याचे गुण मॅडमनी वेगळे दिले. अट एकच घातली, जिल्ह्याला हाच प्रयोग काकांवर, आधी खरोखर उपाशी आणि मग जेवून. उपाशी ठेवायची जबाबदारी काकीने स्वतःहून घेतली. वर, यंत्र दर संकष्टीला संध्याकाळी खाली आणून देशील का, असंही विचारून ठेवलं. विकीला पालकाच्या दोन जुड्या मिळाल्या, पण त्या मातीतल्या होत्या, म्हणून तो अजून धुसफुसतोय.

संध्याकाळी रुचिता काकांच्या घरात तक्ता पसरून बसली आणि मार्करने मथळ्याचा पहिला शब्द खोडायला लागली. पेढा पोटभर पालक खाऊन आडवा झाला होता. काका लांबूनच बघत होते.

"काय खोरतेस गो?"

"'लहान', काका."

काकांनी पोट आत ओढलं. श्वास पुरला तोवर ते आत राहिलं.