बिगरी मोकळ्या हवेत

कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यात शिक्षण सक्तीचं झालं, गावोगाव शाळा निघाल्या आणि काही काळाने शिक्षण खात्याच्या असं निदर्शनास आलं, की शाळांना भिंती आहेत. सबब, बिगरीच्या मुलांना रोज तासभर मोकळ्या हवेत, सृष्टिनिरीक्षणासह शिकवावे, असा हुकूम सुटला. कळंब्याजवळच्या एका गावात केरबा मास्तरांनी तो वाचला, कपाळाला लावला आणि पोरांना शेताच्या बांधावर नेऊन बसवलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग जवळजवळ ओस. एका पोराच्या बापाने, आकारामने, मास्तरांना वाटेतच गाठलं.

"सावलीला बसून चार अक्षरं शिकंल म्हणून पोरगं धाडत हुतो. उन्हातच बसायचं तर माझी म्हसरं काय वाईट हाईत?"

हजेरी घटली की शाळा बंद, आणि मास्तर पुन्हा थोरल्या भावाच्या दारात. त्यांनी हुकूम परत वाचला. रानात हवा मोकळी होती, सृष्टी होती, आणि निरीक्षण तर पाखरं राखणारी पोरं दिवसभर करतच होती. मास्तरांनी तासभराचा दिवसभर केला आणि रानातल्या सगळ्यांची हजेरी मांडली.

शाळेच्या खोलीत उरली एकटी सुगरा. तिच्या बापाला, चमन पिंजाऱ्याला, ना रान ना म्हैस. पोरीला धाडायला शाळेखेरीज जागाच नव्हती. तिला आपलं नाव लिहायची भारी घाई. पाटीवर 'सु' झाला होता, पुढचं बाकी होतं. मास्तरांचाही तिच्यावर जीव होता.

तपासणीला साहेब आले आणि रानोमाळ पसरलेली शाळा पाहून भारावले. जोंधळा राखणाऱ्या एका पोराला त्यांनी काय शिकतोस म्हणून विचारलं. पोराने गोफण दाखवली. 'प्रात्यक्षिक उत्तम' असा शेरा मारून साहेब शाळेत शिरले.

"ही मुलगी आत कशी?"

"वाचायला शिकतिया, साहेब."

"म्हणजे गैरहजर."

साहेबांनी चमनला दंड लावला, रिकाम्या इमारतीत खात्याच्या घोड्यांची वैरण भरायला सांगितली आणि मास्तरांच्या बढतीची शिफारस केली.

सुगरा पाटी धरून उभीच होती. "मास्तर, माझं नाव ऱ्हायलंय की."

मास्तरांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. मग त्यांनी तिला बाहेर काढून दाराला कुलूप घातलं.

साहेबांचा अहवाल कोल्हापुरात फार वाखाणला गेला. ज्यांनी वाचला त्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या पोरांना माजघरात चटईवर बसवून अक्षरं गिरवायला लावली. त्यांना कुणी हसत असेल तर खुशाल हसावं. फक्त हे वाचायला आपण कुठं बसून शिकलो, तेवढं आठवावं.