सासुरवाडीत इंजिन बंद करू नये

मुटिंटाला मागणी घालायला ट्रॅक्टरवरूनच जायचे, हा हट्ट ल्वेंडोचा. मोंझे गावाच्या पंचक्रोशीत ट्रॅक्टरचे चार्जिंग दुरुस्त करणारा तो एकटा मिस्त्री. तेवढी ऐट मुलीकडच्यांना दिसायला नको? अडचण एवढीच, की लोकांच्या इंजिनांचे पट्टे ताणता ताणता त्याच्या स्वतःच्या ट्रॅक्टरची बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरकडे बघायचे राहून गेले होते. सकाळी त्याने मीटर लावला. इंजिन चालू असताना काटा चौदा व्होल्टच्या आसपास हवा. तो बाराच्याही खाली पेंगत होता. आतले कार्बन-ब्रश पार झिजले होते. तरी त्याने ट्रॅक्टर ढकलून सुरू केला, मामांना मडगार्डवर बसवले आणि ठरवले, काही झाले तरी इंजिन बंद करायचे नाही; बंद झाले तर किल्लीने पुन्हा सुरू व्हायचे नाही.

बोलणी मामांनी करायची, मुलाने मान खाली घालून बसायचे. पण अंगणात ट्रॅक्टर असा धडधडत होता, की मुलीच्या बदल्यात रीतीप्रमाणे किती गायी देणार ते मामांनी दोनदा सांगितले आणि मुटिंटाच्या वडिलांना, सिमुचिंबांना, दोन्ही वेळा ऐकू आले नाही.

"पोराला घाई आहे का?" त्यांनी विचारले.

"छे हो. असं चालू ठेवलं की इंजिनाची तब्येत चांगली राहते," मामांनी ठोकून दिले.

सिमुचिंबा उठले आणि त्यांनी बंद करायचा दांडा सरळ ओढला.

पुढची बोलणी झकास झाली. होकार की नकार ते निघताना सांगू, असे ठरले. निघताना ल्वेंडोने किल्ली फिरवली. आतून एकदा टक् झाले आणि सगळे थंड.

"मिस्त्री ना रे तू?" सिमुचिंबा म्हणाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला झाले.

अंगणाला उतार होता, पण तो स्वयंपाकाच्या झोपडीकडे. शेजारीपाजारी जमले, त्यांनी ट्रॅक्टर लोटला, त्याने वेग घेतला आणि नेमकी होणारी सासू दारात आली. जावयाने सासूचे तोंड बघायचे नाही, ही रीत. ल्वेंडोने डोळे गच्च मिटले. क्लच सोडायचा तो राहिला, ब्रेक सापडला तोही उशिरा. भांडी वाळत घालायचे मचाण आडवे करून ट्रॅक्टर चेपलेल्या पातेल्यांत उभा राहिला.

त्याने चाके वाटेकडे वळवली आणि टोपी नाकापर्यंत ओढली. सासू मागे येऊन मामांना सांगत होती, "त्याला म्हणावं, मान पुढेच ठेव. मागून कोण ढकलतंय ते बघू नकोस."

मग मागून असा रेटा आला, की इंजिन धडाडून सुरू झाले. कोणी तरी काही तरी ओरडले. आवाजात काही कळले नाही आणि मागे वळायची सोय नव्हती. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आले, की मडगार्डवर मामा नाहीत.

मामा संध्याकाळी पायी आले. आधी तांब्याभर पाणी प्यायले. ल्वेंडोची नजर जमिनीवरून उठेना.

"मुलगी देताहेत," शेवटी ते म्हणाले. "तिची आई म्हणाली, रीत पाळायला माझी भांडी चेपणारा जावई पुन्हा मिळायचा नाही."

ल्वेंडोला हायसे वाटले. "आणि वडील?"

"त्यांचंही हो आहे." मामांनी चपलांची धूळ झटकली. "त्यांच्याही ट्रॅक्टरचं चार्जिंग गेलंय म्हणे. तो मात्र दुसऱ्या कुणाला तरी दाखवणार आहेत."