पगार विचारायला गेलेला बाप

एखाद्याचा खरा पगार काढून घ्यायचा असेल तर मला विचारा! सरळ विचारलंत तर माणूस हसतो आणि हवापाण्यावर येतो. पण मुलीचं स्थळ घेऊन जा, मुलाची आई पोह्यांच्या आधी पगाराची स्लिप पुढ्यात ठेवते! ही युक्ती माझी. आणि तिच्यापायीच गेल्या रविवारी माझी पार शोभा झाली.

त्याचं असं झालं. आमच्या समीक्षाला मुंबईत सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला प्रवेश मिळाला. दोन वर्षं आणि पाच लाखांचं कर्ज. इकडे बिरवाडीत, मी स्टोअरकीपर आहे त्याच कंपनीच्या लॅबमध्ये तिला सोळा हजारांची नोकरी तयार! मी जन्मात फ्रिजसुद्धा हप्त्यावर घेतलेला नाही. पंधरा दिवस माझं एकच पालुपद, "हातातला पगार सोडून डोक्यावर कर्ज कशाला?" पोरगी वाद घालत नव्हती. खाली मान घालून जेवायची आणि उठायची. ते मला जास्त लागायचं. सोमवार ही फी भरायची शेवटची तारीख होती.

बरं, ही पदवी घेऊन सुरुवातीला मिळतं तरी किती? कोणी धड सांगेना! शेवटी कंपनीतला मंगेश म्हणाला, "सहदेवभाऊ, उमरठचा अक्षय तेच शिकलाय. पोलादपुरात आरोग्याच्या प्रकल्पावर आहे. लग्नाचाही आहे."

झालं! रविवारी सकाळी घरात थाप मारली, स्कूटर काढली आणि मुलीचा बाप म्हणून उमरठला हजर! पोरीला कंपनीत नोकरी तयार आहे, पण कर्ज काढून अक्षयसारखंच शिकायचंय, हेही सांगून टाकलं. अक्षयच्या आईनं, ठमाबाईंनी, लगेच स्लिप आणली. बत्तीस हजार!

"आणि शिक्षणाचं कर्जबिर्ज?" मी हळूच विचारलं.

"कर्ज? आमच्याकडं? नाय हो!" ठमाबाई म्हणाल्या. अक्षय पोह्यातले शेंगदाणे मोजत बसला.

"कळवतो," म्हणून मी निघालो. संपलं, असं मला वाटलं! घरात पाय ठेवतो तो फोन. "पाव्हणं, माझा भाऊ मुंबईवरनं आलाय, आजच परत जायचा हाय. पोरगी आजच बघून घेतो. वाटंतच हाय आमी!"

"कोणती पोरगी?" आमच्या हिनं विचारलं. ही नाते गावच्या शाळेत शिकवते. थापा मारणारा पोरगा तिला पाठमोरासुद्धा ओळखू येतो. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

समीक्षा दारात उभी होती. "म्हणजे मला पाठवायचं नाहीच ना, बाबा? त्यापेक्षा उजवून टाकायचं?"

"अगं नाही गं! मी फक्त पगार..." तेवढ्यात हॉर्न वाजला आणि गाडीतून आठ माणसं उतरली, पेढ्यांच्या बॉक्ससकट!

समीक्षा घरच्या ड्रेसवरच बाहेर आली. चहाचा ट्रे माझ्या हातात दिला, समोर बसली आणि तिनंच अक्षयला विचारलं, "हप्ता किती जातो?"

"नऊ हजार दोनशे," तो बोलून गेला.

ठमाबाईंचा कप ओठांपाशीच थांबला. "अरे मेल्या!"

"किती दिवस लपवायचं, आई?" मग तो समीक्षाकडे वळला. "सुरुवातीला चोवीसच मिळायचे. पहिलं वर्ष फार जड गेलं. घरचा डबा होता म्हणून निभावलं. पण गेल्या पावसाळ्यात एका वाडीत कावीळ पसरली. घरोघर फिरून आम्ही फुटलेली पाइपलाइन शोधून काढली. तेव्हा वाटलं, शिकलो ते बरं केलं."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझी पोरगी हसली.

ठमाबाईंनी कप खाली ठेवला. "पोरगी ब्येस हाय. पण आमच्या घरात आणिक एक कर्ज नको गो बाय! ती कंपनीतली नोकरी धर. हातातला पगार सोडून डोक्यावर कर्ज कशाला?"

माझंच वाक्य! शब्द न् शब्द माझा! पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या पोरीला समजता काय हो तुम्ही? ती शिकणार! हप्ता ती फेडेल, आणि अडलंच तर तिचा बाप बसलाय! आण गं तो कर्जाचा कागद, आत्ता सही करतो!"

हिनं शांतपणे कपाटातून फाइल आणली. मी ऐटीत पेन उघडलं. बघतो तर सहकर्जदाराच्या जागी सही झालेलीच होती. हिची!

"कर्ज गुरुवारीच मंजूर झालंय," ही म्हणाली.

"मग अडलं कुठं?"

"तुमच्या लेकीपाशी. म्हणते, बाबा मनापासून 'जा' म्हणाल्याशिवाय एक रुपया उचलणार नाही."

समीक्षाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ठमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि पेढ्यांचा बॉक्स स्वतःच फोडला.

आता आठ पाहुण्यांसमोर पेन उघडून बसलेला माणूस करणार काय? फाइलमध्ये वसतिगृहाच्या नियमांचा एक कागद होता, त्यावर पालकाच्या सहीची जागा मोकळी दिसली. तिथं झोकात सही ठोकली! नियम कोणते होते ते मात्र विचारू नका, एक अक्षर दिसत नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढलाय, असं मी सगळ्यांना सांगितलं.